पाऊल चार बोटं आखूड

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत पहाटे पाचला रस्त्यावर पळणाऱ्यांची गर्दी दिसते, पण ती पुण्या-मुंबईच्या मॅरेथॉनवाल्यांची गर्दी नव्हे. तिकडचा माणूस वजन उतरवायला, साखर आटोक्यात ठेवायला किंवा रविवारी गळ्यात पदक घालून फोटो काढायला पळतो. इकडची बहुतेक पोरं भरतीसाठी पळतात. पावसावरची शेती, तीही वाटण्या होऊन तुटपुंजी झालेली, कारखानदारी बेताची, अशा भागात वर्दी ही बारावी झालेल्या मुलासाठी अजूनही सगळ्यात खात्रीची नोकरी आहे. शिवाय ती रोज डोळ्यांसमोर असते. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं आणि लातूरला लागून बाभळगावला राज्य पोलिसांचं. जून २०२४ मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर. शिपाईपदाची मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यांतले २० गुण एकट्या धावण्याचे: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलाने सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत काढलं तर २० पैकी २०; मुलीने आठशे २ मिनिटं ५० सेकंदांत काढलं तर २० पैकी २०. राज्य राखीव दलाला ५ किलोमीटर. सैन्याच्या अग्निवीर भरतीला १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं तर पूर्ण ६० गुण. त्यानंतर काही सेकंद इकडेतिकडे झाले की गुण उतरतात, आणि पोलीस भरतीत लेखीला बसायला मिळणार की नाही हे त्या सेकंदांवर ठरतं.

अशा पळण्यात गुडघा दुखायला लागला की त्याचा अर्थ शहरातल्या हौशी धावपटूच्या गुडघ्यापेक्षा वेगळा होतो. त्याला डॉक्टर महिनाभर विश्रांती सांगू शकतात. इथे महिनाभरावर ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख असते. मग मैदानावरच निदान होतं. कोणी म्हणतं वंगण संपलं, कोणी म्हणतं वाटी घासली, कोणी कॅल्शियमच्या गोळ्या सुचवतं, कोणी बूट बदल म्हणतं. पोरगा नी-कॅप चढवतो, मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणतो आणि पळत राहतो. या लेखाचं म्हणणं असं की तरुण धावणाऱ्यांच्या या दुखण्यात वंगणाचा किंवा कॅल्शियमचा संबंध क्वचितच असतो. तो भाराचा हिशेब असतो, आणि त्या हिशेबाला दोन बाजू आहेत: किती पळणं किती दिवसांत वाढवलं ही एक, आणि प्रत्येक पावलाचा भार पायाच्या कोणत्या भागावर टाकला ही दुसरी. दुसरी बाजू म्हणजे पळण्याची पद्धत. ती सुधारायला पैसा लागत नाही. मात्र दुखणं लागल्यावर बहुतांश गुण पहिल्या बाजूचाच असतो, दुसरीची भर त्यावर फारशी दिसत नाही, हेही पुरावाच सांगतो.

दुखतं ते नेमकं काय, हे आधी पाहू. गुडघ्याची वाटी म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या जाड कंडरेत बसलेलं एक छोटं हाड. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते आणि गुडघा वाकला-सरळ झाला की वाटी त्या खाचेतून वरखाली सरकते. गुडघा वाकलेला असताना मांडीचा स्नायू जोर लावतो तेव्हा वाटी खाचेत दाबली जाते. वाक जितका खोल आणि ओढ जितकी जास्त, तितका दाब जास्त. म्हणूनच हे दुखणं वाटीच्या मागे किंवा भोवती जाणवतं. जिना उतरताना, उकिडवं बसल्यावर किंवा एसटीत तीन-चार तास पाय मोडून बसल्यावर वाढतं, आणि सपाट रस्त्यावर साधं चालताना बहुधा गप्प असतं. पळताना हा दाब प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या कित्येक पट होतो. तो सोसायची गुडघ्याची तयारी असते, पण ती सवयीने आलेली असते. सवयीच्या पलीकडे गेलं की तो कुरकुर करतो. अशा वीस-बावीस वर्षांच्या मुलाचा एक्स-रे काढला तर तो बहुतेक वेळा स्वच्छ निघतो आणि घरचे म्हणतात, नाटक करतोय. नाटक नसतं. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कुर्चेला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं आवरण, आसपासची चरबीची गादी. हे भाग चिडलेले असतात, झिजलेले नसतात. चिडलेला भाग शांत होऊ शकतो, आणि या दुखण्यात आशेला जागा आहे ती याच कारणाने.

आता पद्धतीकडे. भरतीच्या मैदानांवर एक सल्ला सर्रास ऐकू येतो: ढांगा मोठ्या टाक. टायमिंग बसत नाही? ढांग वाढव. ऐकायला हे सरळ गणित वाटतं, कारण पाऊल जितकं लांब तितकी पावलं कमी. पण कमरेतून मागे जोर लावून मिळालेलं लांब पाऊल वेगळं आणि पाय पुढे फेकून मिळवलेलं लांब पाऊल वेगळं. नवखा मुलगा दुसरं करतो. पाय अंगाच्या बराच पुढे, जवळजवळ सरळ पडतो, टाच आधी आपटते आणि अंग त्या पायावर येईपर्यंत तो पाय ब्रेकचं काम करतो. मग गुडघा खोल वाकतो, धड खाली बसतं आणि पुढच्या पावलासाठी ते पुन्हा वर उचलावं लागतं. ही सगळी वरखाली मांडीच्या पुढच्या स्नायूच्या जोरावर होते, म्हणजे वाटी खाचेत दाबून. पाऊल आखूड आणि लवकर पडलं तर ते कमरेच्या खाली, अंगाजवळ पडतं, नडगी उभी राहते, गुडघा कमी वाकतो आणि उसळी कमी होते. वेग तोच राहतो, पण गुडघ्यावरचं काम काही अंशी घोट्याकडे आणि पोटरीकडे सरकतं.

हा नुसता तर्क नाही, मोजून पाहिलेली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात २०११ साली ४५ निरोगी हौशी धावपटूंना ट्रेडमिलवर त्यांच्या नेहमीच्या वेगाने पळवलं, आणि वेग न बदलता फक्त मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या वाढवायला सांगितली. पावलं पाच टक्के वाढवली तेव्हा गुडघ्याने पावलागणिक झेललेली ऊर्जा सुमारे एक पंचमांशाने घटली. दहा टक्के वाढवली तेव्हा सुमारे एक तृतीयांशाने. तिथल्याच पुढच्या अभ्यासात, २०१४ साली, पावलं दहा टक्के वाढवल्यावर वाटीच्या सांध्यावरचा सर्वाधिक जोर १४ टक्क्यांनी उतरलेला आढळला. हे बदल केवढ्या फरकातून येतात ते पाहण्यासारखं आहे. सहा मिनिटांना एक किलोमीटर या सावकाश चालीने पळणारा मुलगा मिनिटाला १५५ पावलं टाकत असेल तर त्याचं एक पाऊल सुमारे १०७ सेंटीमीटरचं असतं. त्याच वेगात तो १६७ पावलं टाकू लागला, म्हणजे आठेक टक्के जास्त, तर पाऊल १०० सेंटीमीटरचं होतं. फरक सातेक सेंटीमीटरचा, म्हणजे हाताची चार बोटं आडवी धरली तेवढा. बाजूने पाहणाऱ्याला तो कळणारही नाही.

पावलं वाढली तर एकूण भारही वाढणार नाही का, ही शंका रास्त आहे. एका पावलाचा दाब कमी झाला, पण त्याच अंतरात पावलं जास्त पडली. ढोबळ हिशेब करून पाहा: पावलं दहा टक्क्यांनी वाढली, म्हणजे १०० ची ११० झाली, प्रत्येक पावलाचा सर्वाधिक दाब १४ टक्क्यांनी उतरला, म्हणजे १०० चा ८६ झाला. गुणाकार ९४-९५ च्या घरात जातो. एकूण बेरीज थोडी तरी खालीच येते, आणि चिडलेल्या सांध्याला खरा त्रास देणारा जो प्रत्येक पावलाचा कळस, तो बराच खाली येतो.

पण सगळ्यात वजनदार आक्षेप निराळा आहे, आणि तो प्रयोगशाळेच्या बाहेरून येतो. दाब कमी होतो हे खरं, पण माणसाचं दुखणं कमी होतं का? कॅनडातल्या क्युबेकमध्ये हाच प्रश्न घेऊन एक चाचणी झाली आणि ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. वाटीच्या दुखण्याने बेजार ६९ धावपटूंचे तीन गट केले. पहिल्या गटाला फक्त भार कसा सांभाळायचा याचं शिक्षण दिलं: कमी कमी पण वारंवार पळा, वेग आणि उतार तात्पुरते टाळा, दुखणं किती चालेल याची मर्यादा ठेवा. दुसऱ्या गटाला हे शिक्षण आणि शिवाय स्नायू बळकट करणारे व्यायाम. तिसऱ्याला हे शिक्षण आणि शिवाय पावलं वाढवून मऊ पडण्याचा सराव. आठ आठवड्यांनी तिन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. तंत्र शिकलेल्यांच्या पावलांचा आघात खरोखर कमी झाला होता, पण दुखणं नुसतं शिक्षण मिळालेल्यांपेक्षा अधिक उतरलं नव्हतं. पद्धत सुधारा म्हणजे गुडघा बरा होईल असं छातीठोक सांगणाऱ्या कोणालाही ही चाचणी गिळायला कडू आहे.

तिचा अर्थ काय लावायचा? तंत्र निरुपयोगी असा अर्थ मला बरोबर वाटत नाही. तिन्ही गटांत समान असलेली गोष्ट होती भाराची शिस्त, आणि बहुतांश गुण तिचाच होता, एवढं मात्र मान्य केलं पाहिजे. ज्याला आपलं पळणं महिना-दोन महिने मनासारखं कमी करता येतं, सावकाश करता येतं, त्याला तेवढ्याने भागतं. क्युबेकचे ते लोक हौशी होते. त्यांना कोणी ५ मिनिटं १० सेकंदांची अट घातली नव्हती. नांदेडच्या मुलाला पळणं ठरावीक पातळीखाली आणता येत नाही, तारीख पुढे ढकलता येत नाही. तेवढंच पळणं गुडघ्यावर कमी भार टाकून पळण्याची युक्ती त्याच्या कामाची आहे, ती याच कारणाने. दुसरं, दुखणं लागल्यावर बरं करणं आणि लागण्याआधी टाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हाँगकाँगच्या संशोधकांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३२० नवख्या धावपटूंपैकी निम्म्यांना दोन आठवडे, पडद्यावर आपला आघात बघत, मऊ पाऊल टाकायला शिकवलं. वर्षभरात त्या गटात १६ टक्क्यांना दुखापत झाली, तर न शिकलेल्यांत ३८ टक्क्यांना. मात्र शिकलेल्यांना ज्या दुखापती झाल्या त्यांत पोटरीच्या आणि टाचेमागच्या कंडरेच्या जास्त होत्या. भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. ही गोष्ट तंत्राच्या उत्साही प्रचारकांनी विसरू नये.

तेव्हा आधी भाराची शिस्त. आपल्याकडे ती नेमकी मोडते ती भरतीच्या वेळापत्रकामुळे. जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो. वर्ष वर्ष वाट पाहून मुलं कंटाळतात, अभ्यासिकेत जाऊन बसतात, पळणं सुटतं. मग एक दिवस जाहिरात पडते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे रस्त्यावर. सहा महिने न पळालेला मुलगा पहिल्याच आठवड्यात रोज पाच-सहा किलोमीटर, वर सोळाशेचे दोन ट्रायल, वर गोळा आणि शंभर मीटर असं सगळं सुरू करतो. श्वास आणि स्नायू दोन-तीन आठवड्यांत वळणावर येतात, म्हणून त्याला वाटतं जमतंय. हाडं, कंडरा आणि सांधे मात्र महिन्यांच्या हिशेबाने तयार होतात. ज्या आठवड्यात दम लागेनासा होतो, साधारण त्याच आठवड्यात गुडघा बोलायला लागतो. त्यात आपली जमीन. काळ्या मातीचं मैदान उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखं होतं आणि पावसाळ्यात पायाला किलोभर चिखल बांधतं, म्हणून मुलं डांबरी रस्ता धरतात. रस्त्याची कड उतरती असते. रोज एकाच बाजूने पळालं तर एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. लातूर भागात बालाघाटचे चढ-उतार आहेत, आणि चढावर दम काढून उतारावर वेग घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. वाटीवर सगळ्यात जास्त दाब येतो तो नेमका उतारावर. डांबराला दोष देणं सोपं आहे, पण तेच डांबर हळूहळू वाढवलेल्या पळण्याला सहसा सोसतं.

अविनाश साबळेचं उदाहरण या मैदानांवर हमखास दिलं जातं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा, तिथून शाळा सहा किलोमीटर, आणि हा मुलगा ते अंतर पायी, पुष्कळदा पळत जायचा. पुढे सैन्यात गेला, तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. मराठवाड्याच्या पोराला हे ऐकून स्फुरण चढणारच. पण या गोष्टीतून घेण्यासारखं आहे ते वर्षांचं सातत्य. त्याचे पाय लहानपणापासून कणाकणाने तयार होत गेले. जाहिरातीनंतरच्या सहा आठवड्यांत ते कोणालाही उरकता येत नाही. आणि जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडून त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली, ती गोष्ट वेगळ्या जातीची आहे. पडून, पिळवटून झालेली इजा पावलं मोजून टळत नाही आणि बरीही होत नाही. ती डॉक्टरांकडेच न्यायची.

आता वेगाचा आक्षेप. ढांग आखूड केली तर सोळाशेचं टायमिंग कसं बसेल? आकडे मांडू. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. मिनिटाला १८० पावलांनी त्यात ९३० पावलं बसतात आणि एक पाऊल १७२ सेंटीमीटरचं पडतं. १६५ पावलांनी साडेआठशेच्या आसपास पावलं बसतात आणि प्रत्येक पाऊल १८८ सेंटीमीटरचं लागतं. उंचीची किमान अट मुलांना १६५ सेंटीमीटर आहे. त्या उंचीच्या मुलाला पाचवं मिनिट सुरू असताना पावलागणिक १८८ सेंटीमीटर काढायला लावणं म्हणजे पाय पुढे फेकायला शिकवणंच होय. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी धावपटूंची पावलं मोजली तेव्हा ४६ जणांत मिनिटाला १८० पेक्षा कमी पावलं टाकणारा एकच निघाला होता. त्यांची पावलंही लांब होती, पण ती मागच्या रेट्यातून आलेली. या मोजणीवरून पुढे १८० हा आकडा मंत्रासारखा पसरला, तो मात्र चुकीचा. शर्यतीच्या वेगातला आकडा सावकाश पळण्याला लावता येत नाही, आणि उंच माणसाची पावलं बुटक्यापेक्षा कमीच असतात. प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यावर पाच ते आठ टक्के वाढवायचे, एवढंच.

शरीर आपली चाल आपणच निवडतं, ती मोडू नये, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही पुरावा आहे. मुरलेल्या धावपटूची आपसूक ठरलेली चाल बहुधा प्राणवायूच्या खर्चात सगळ्यात काटकसरीची असते आणि ती फार बदलली तर दम लवकर जातो. पण हा नियम नवख्याला तितकासा लागू पडत नाही. ॲमस्टरडॅममध्ये २०१४ साली केलेल्या एका अभ्यासात नवखे धावपटू आपल्या मनाने मिनिटाला सुमारे १५६ पावलं टाकत होते, आणि त्यांना काटकसरीची ठरली असती ती सुमारे १७०. मुरलेल्यांमध्ये हे अंतर अगदीच कमी होतं. भरतीची मुलं पहिल्या गटातली आहेत. त्यांची चाल ही अजून निवड झालेली नाही. ती नुसती सुरुवात आहे.

टाच आधी की चवडा, या वादात मात्र मी मैदानावरच्या लोकांना थोडं सबुरीने घ्या म्हणेन. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० साली केनियातल्या अनवाणी पळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांचा चवडा आधी टेकतो असं दाखवलं आणि जगभर लोक बूट काढून पळायला लागले. आपल्याकडे साठी ओलांडून, नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी बारामतीची स्पर्धा जिंकणाऱ्या लता करे यांचं नाव त्यात घेतलं जातं. त्यांच्या जिद्दीवर २०२० मध्ये चित्रपटही आला. पण त्या पायांमागे आयुष्यभर राबण्याची सवय होती. कॉलेजपर्यंत चप्पल-बूट घातलेला मुलगा सोमवारपासून चवड्यावर पळायला लागला तर वाटीवरचा दाब उतरेल, पण तो सगळा पोटरीवर आणि टाचेमागच्या कंडरेवर येईल, आणि तिथलं दुखणं गुडघ्यापेक्षा हट्टी असतं. पाऊल आखूड केलं की टाचेचा आपट आपोआप सौम्य होतो. पाय कुठल्या भागावर पडतो यापेक्षा तो अंगापासून किती पुढे पडतो, हे पाहावं.

प्रत्यक्षात करायचं ते थोडकं आहे. सावकाश पळताना उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा टेकतो ते मोजा आणि चारने गुणा. हा आपला आकडा. त्यात पाच टक्के मिळवा. मोबाइलवर मेट्रोनोमचं फुकट ॲप मिळतं, त्यात तो ठोका लावा आणि सुरुवातीला दहा मिनिटांच्या पळण्यात एकेक मिनिट त्या ठोक्यावर पाय टाका. उरलेला वेळ नेहमीसारखं पळा. दोन-तीन आठवड्यांत मिनिटं वाढवत न्या. वेग वाढवू नका. पावलं वाढली की पळण्याचा वेगही नकळत चढतो आणि मग फायदा हातचा जातो. धड कमरेतून न मोडता घोट्यापासून किंचित पुढे कलतं ठेवलं तर मांडीचं काम आणखी हलकं होतं. पावलाचा आवाज ऐका; तो उतरला तर बदल होतोय. पोटरी आखडली तर दोन दिवस मागे या. हा सराव सावकाश पळण्यातच करायचा. सोळाशेच्या ट्रायलला पावलांकडे लक्षच देऊ नका. दुखण्याची मर्यादा क्युबेकच्या लोकांनी दिलेली चांगली आहे: पळताना दहापैकी दोनपर्यंतचं दुखणं चालेल, आणि थांबल्यावर तासाभरात ते पळण्याआधीच्या पातळीला यायला हवं. त्यापेक्षा जास्त टिकलं तर आजचं अंतर जास्त होतं. थांबायचं असं नाही, पुढच्या वेळी कमी करायचं. पूर्ण बंद केलेला गुडघा महिन्याने पुन्हा तिथेच सापडतो, फक्त आणखी दुबळा झालेला.

मुलींच्या बाबतीत एक भर घालावी लागते. वाटीचं हे दुखणं स्त्रियांत अधिक आढळतं, आणि पळताना ओटीपोट एका बाजूला झुकून गुडघा आत ओढला जाणं हे त्यात पुष्कळदा दिसतं. आरशासमोर, किंवा मैत्रिणीने मागून काढलेल्या मोबाइलच्या चित्रफितीत पाहून, गुडघे एकमेकांपासून थोडे दूर ठेवत पळण्याचा सराव काही आठवड्यांत ही ढब बदलू शकतो. जोडीला एका कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, एका पायावर हळू खाली बसून उठणं, असे नितंबाचे व्यायाम आठवड्यातून तीनदा करावेत. पोलीस भरतीत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत आणि पळणाऱ्या मुली त्या मानाने वाढल्या आहेत. त्यांना शिकवताना मुलांचाच तक्ता पुढे करण्याची सवय मात्र गेलेली नाही.

पळून पळून गुडघे लवकर म्हातारे होतात, या घरच्या धास्तीलाही उत्तर द्यायला हवं. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ साली घेतला गेला, त्यात गुडघा आणि खुब्याची झीज हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि वर्षानुवर्षे स्पर्धेच्या पातळीवर पळणाऱ्यांत १३.३ टक्के आढळली. या आकड्यांवरून पळण्याने गुडघा बरा होतो असं सिद्ध होत नाही, कारण मुळात ज्याचे गुडघे धड तोच पळत राहतो. पण बेताचं पळणं गुडघे खातं ही समजूत मात्र त्यापुढे टिकत नाही.

गुडघा सुजला, मध्येच अडकला, चालताना अचानक लचकला, रात्री झोपेतून उठवू लागला, किंवा नडगीच्या हाडावर बोट ठेवलं तेवढ्याच जागी कळ निघू लागली, तर पावलं मोजत बसू नये. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. अस्थिरोग विभाग दोन्हीकडे आहेत. आणि ग्राउंडच्या सकाळी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन उतरण्याची जी चाल पडली आहे ती सोडावी. दुखण्याची सूचना बंद होते, भार तसाच राहतो, आणि उन्हात घामाने पाणी आटलेल्या शरीरात ही औषधं मूत्रपिंडालाही इजा करू शकतात.

मैदानावर शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकांना एक विनंती आहे. सोळाशेचं टायमिंग तुम्ही वहीत लिहिताच. त्याच ओळीत प्रत्येक मुलाची मिनिटाची पावलं आणि गेल्या आठवड्यात तो एकूण किती किलोमीटर पळाला हे दोन आकडे आणखी लिहा, आणि जाहिरात येण्याची वाट न पाहता आत्तापासून लिहा.